मांडीची कातडी

"माह्यावर शिकायलेत की काय हे?" बाकावर माझ्या शेजारी बसलेली बाई पुटपुटली. ऊसतोडीवर उकळतं पाणी सांडून तिचा हात भाजला होता. सेलूच्या त्या दवाखान्यात डॉक्टर तिच्या नवऱ्याला समजावत होते, मांडीची कातडी काढून हाताला लावू, नाहीतर बोटं आखडतील.

"तिला काय कळायलंय? तुमी करा, साहेब," तो म्हणाला.

युद्धात भाजलेल्या सैनिकांवर करत करत ही शस्त्रक्रिया सुधारत गेली, असं मी वाचलं होतं. त्यांतल्या किती जणांना कुणी विचारलं असेल? त्यांच्यामुळे हिची बोटं वाचणार होती, आणि हिलाही कुणी विचारत नव्हतं. तिने हात पदराखाली ओढला.

परक्यांसमोर माझा आवाज फुटत नाही. तरी उठले.

"डॉक्टर, हात या ताईंचा आहे. त्यांना सांगा ना."