कौसल्याबाईंचे एक्क्याण्णव

मनीषनगरच्या कौसल्याबाई धकाते एकसष्टाव्या वर्षी लॉच्या सीईटीला बसल्या. सोसायटीच्या सचिवांनी त्यांना गच्चीवर पापड वाळवायला मनाई केली होती आणि वर म्हणाले होते, "मावशी, आधी कायदा वाचा." बाईंनी सरकारी कार्यालयात तीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या. वाचा म्हटलं की वाचायचं, ही सवय अंगात मुरलेली.

निकाल आला, ९१.२७. त्यांचे यजमान जागेश्वर यांनी घरच्या ग्रुपवर 'एक्क्याण्णव टक्के' टाकलं आणि संत्रा बर्फी वाटून टाकली. संध्याकाळी त्यांची भाची काजल आली. ती इंजिनीअरिंगला होती.

"मामी, हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. शंभरातले एक्क्याण्णव तुमच्या मागं आहेत."

"आन पुढचे नऊ कोन आहेत?"

"अख्ख्या महाराष्ट्रात हजारो असतील. मार्क तर एकशेवीसपैकी अडुसष्टच आहेत."

जागेश्वररावांनी मनात हिशोब केला. "म्हंजे छप्पन्न टक्के झाले. ग्रुपवर सुधरवू काय?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "लोकाईनं बर्फी खाल्ली आता."

पण एवढ्यावर चांगलं कॉलेज मिळेल का, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून दोघं धरमपेठेत भूपेश नावाच्या सल्लागाराकडे गेले. तिशीतला पोरगा, टेबलावर तीन रंगांचे पेन.

"मुलगी नाही आली?" त्यानं विचारलं.

"कोन्ती मुलगी?"

"जिची अॅडमिशन आहे ती."

"आली ना. तुमच्यासमोरच बसून राहिली."

भूपेशनं बाईंच्या मागे वाकून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्यानं मुकाट्यानं लॅपटॉप उघडला. नावाजलेल्या जुन्या कॉलेजचा कटऑफ गेल्या वर्षी ९१.४० होता. दुसरं एक नवीन कॉलेज ऐंशीवर सहज मिळत होतं.

"काकू, हे नवीन पक्कं आहे. रिस्क काहून घेता?"

"तिथं लिफ्ट आहे काय?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं फोन लावून चौकशी केली. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नव्हती.

"मग ते नाही जमत," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे कटऑफच्या लय खाली आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या जुनं कॉलेज बघायला गेल्या. गेटवरचा चौकीदार म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा."

"थांबा हो तुम्ही," बाईंनी जागेश्वररावांना सांगितलं आणि आत गेल्या. वर्ग तळमजल्यावर होते, बाकांना पाठी होत्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा जागेश्वरराव दोन पालकांबरोबर चहा पीत होते आणि 'आमचीले वाचायची लय आवड' असं सांगत होते.

बाईंनी अर्जात तेवढं एकच कॉलेज भरलं. भूपेशनं कपाळाला हात लावला.

"आन नाही लागलं तं?" जागेश्वररावांनी विचारलं.

"तं पुढच्या वर्षी बसीन."

पहिल्या यादीत नाव आलं नाही. बाईंनी दोन दिवसांत घरातली सगळी कपाटं रिकामी केली, पुसली आणि परत लावली. जागेश्वररावांचे मोजे त्यानंतर कुणालाच सापडले नाहीत. दुसऱ्या यादीच्या दिवशी भूपेशचाच फोन आला.

"काकू, लागलं तुमचं. कटऑफ ९१.२२ वर आला."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"फी भरायची शेवटची तारीख कोन्ती?" त्यांनी विचारलं, आणि कॅलेंडरवर खूण करून ठेवली.

आता कॉलेज सकाळी साडेसातला असतं. डबा जागेश्वरराव करतात. पोळ्या गोल होत नाहीत, पण शेजारच्या बाकावरची रुचिका म्हणते की चवीला बऱ्या आहेत. बाई तिला नोट्सची फाईल कशी लावायची ते शिकवून राहिल्या आहेत.