गारपिटीनंतरचा सरवा

पीक निघून गेल्यावर शेतात जे उरतं, त्याला सरवा म्हणतात. गहू कापल्यावर मागे पडलेल्या लोंब्या, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा. माझी आई सौंसरच्या आसपास मजुरीला जायची आणि हंगाम संपला की सरवा वेचायला. मालकाला विचारून, मान खाली घालून. मी सोबत असले आणि रस्त्यानं कोणी ओळखीचं येताना दिसलं, की मी बांधाआड बसायची. पुढे शिकले, सरकारी कचेरीत कारकून झाले आणि वाटलं, सुटलो एकदाचे सरव्यातून.

पन्नाशीला टेकल्यावर मात्र मी आपणहून सरवा वेचायला लागले.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या आवारात एक खोली आहे. आम्ही पाच जणी, दोन शिक्षिका, एक नर्स, एक शिवणकाम करणारी आणि मी, दर रविवारी सकाळी ती उघडून बसतो. डाळ, तांदूळ, भाजी, जमेल ते तिथं असतं. ज्याला गरज असेल त्यानं यावं आणि न्यावं. नाव विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही, एवढाच नियम. भाजी बहुतेक सरव्याची. बाजार पडला की कोण्या शेतकऱ्याचा फोन येतो, "वांगी तोडायले परवडत नाही, तुमी तोडून नेत असान तं न्या." मग आम्ही सुट्टीच्या दिवशी जातो आणि एक ऑटो भरून आणतो. एका ऑटोपेक्षा जास्त माल आम्ही कधी आणला नव्हता.

त्या वर्षी माघात संध्याकाळी गारा पडल्या. वीस मिनिटंच पडल्या असतील. तिसऱ्या दिवशी लोधीखेड्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, थकलेला.

"म्याडम, तुमी उरलंसुरलं वेचून नेता म्हने."

"हो काका, नेतो."

"मंग या. माह्याकडं सारंच उरलं."

त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. व्यापाऱ्यानं त्याचा सौदा आधीच ठरवला होता, गारांच्या दुसऱ्याच दिवसापासून तोड सुरू व्हायची होती. गारा पडल्यावर व्यापारी आला, पाहिलं आणि गाडी वळवून निघून गेला. डाग पडलेलं फळ बाजारात चालत नाही. झाडावर राहू दिलं तर सडणार आणि झाडालाही रोग लागणार. "चार दिवस हायेत," काका म्हणाले, "मंग हातात घ्यायच्या लायकीचं राहनार नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही पाचही जणी एका मालवाहू छोट्या गाडीतून सकाळी सातला पोचलो. फाटकातून आत गेलो.

जमीन दिसत नव्हती. झाडांच्या ओळींमधून, जिथवर नजर जाईल तिथवर खाली संत्रीच संत्री पडली होती. त्यांच्यावर फाटलेली हिरवी पानं, वर धुकं, आणि त्या धुक्यातही झाडं लगडलेली. एवढं पडूनही झाडावर एवढं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून आम्ही चपला काढल्या. का काढल्या ते आजही सांगता येणार नाही. अनवाणी चाललो म्हणून फळ कमी चिरडत नव्हतं. वास असा की डोळ्यांना पाणी यावं. मी जन्मभर संत्र्यांच्या मुलखात राहिले, पण झाडं एवढं देतात हे मी कधी एकत्र पाहिलं नव्हतं. बाजारात आपण किलोनं पाहतो.

काका विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीपाशी बसले होते, बगीच्याकडे पाठ करून. आमच्याशी बोलायला त्यांची बायको आली. हळूच म्हणाली, "गारा पडल्यापासून आत गेलेच नाही थे. पाहवत नाही त्याईले. तुमी घ्या."

आम्ही सुरू केलं. दोन तासांत पाच जणींची दोन झाडंही पुरी झाली नव्हती. हात खरचटले, पाठ भरून आली. नर्स वर पाहून म्हणाली, "अशा गतीनं आपण पुढच्या माघापर्यंत तोडत बसू." कोणाला हसूही आलं नाही.

तेवढ्यात बांधावरून बाया येताना दिसल्या. एकामागे एक, डोक्याला फडकी बांधलेल्या, कमरेला झोळ्या. चाळीसेक तरी असतील. पुढे एक साठीची, बारीक अंगाची, भराभर चालणारी. ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि माझ्या हातातल्या फळाकडे पाहत म्हणाली, "काय करून राहिल्या वो बाई?"

"संत्री तोडतोय, मावशी."

"तोडून नाही राहिल्या. ओरबाडून राहिल्या."

तिनं माझ्यासमोरचंच एक फळ धरलं, मनगट जरासं वळवलं, आणि फळ देठासकट तिच्या हातात आलं. "वढलं का देठापाशी साल फाटते. फाटली का सडलं. फिरवायचं."

मला कळलं की ही तोडणाऱ्या बायांची टोळी आहे, आणि आम्ही येणार हे ऐकून आली आहे. व्यापाऱ्यानं याच बगीच्याची तोड यांना सांगितली होती. गारांनी यांचंही चार-पाच दिवसांचं काम गेलं होतं. मी घाईनं म्हणाले, "मावशी, आमच्याकडे मजुरी द्यायला काही नाही हो. आम्ही हे असंच, वाटायला नेतोय."

"मजुरी मागतली कोनं?" तिचा आवाज चढला. "रविवारी तुमच्या खोलीतून डाळ नेतो, तवा तुमी काही मागता काय?"

तेव्हा कुठं मी तिला ओळखलं. दर रविवारी येणारी, डाळ घेऊन न बोलता जाणारी बाई. त्या रांगेत ती नेहमी पदर पुढे ओढून उभी असायची. मी तिचा चेहरा आजवर नीट पाहिलाच नव्हता. इथं तिचा पदर कमरेला खोचलेला होता आणि मान ताठ होती.

"दुपारी तुम्ही सगळ्याही घरी न्या, एकेक कट्टा," मी रिकाम्या पोत्यांकडे बोट दाखवत म्हणाले.

"नेऊ तं. लेकरं हायेत घरी. पन मजुरी म्हनून बोलू नको. आज आमी कामावर नाही आलो."

मग मी जे पाहिलं ते कसं सांगू? त्या चाळीस बाया ओळीओळीत शिरल्या आणि बगीचा हलायला लागला. दोन्ही हात एकाच वेळी चालायचे, डावा वेगळ्या फळावर, उजवा वेगळ्या. झोळी भरली की गुडघ्यावर वाकून ती अशी रिती करायच्या की एक फळ दुसऱ्यावर आपटायचं नाही. मावशी मधोमध बसली. तिच्यापुढे ढीग यायचा आणि ती न पाहता निवडायची. एका बाजूला अखंड, दुसऱ्या बाजूला डाग पडलेली पण घट्ट, तिसऱ्या बाजूला फुटलेली किंवा नासलेली. तिच्या गप्पा चालू, डोळे दुसरीकडे, आणि अंगठा फळावरून फिरला की निकाल लागलेला. मी मुद्दाम तिनं टाकलेली दोन फळं सोलून पाहिली. वरून चांगली दिसणारी, आतून आंबलेली.

"कसं कळतं मावशी?"

"तुले कागद पाहून कळते ना? तसंच."

दुपारी भाकरी खाताना ती उठली. डागाच्या ढिगातलं एक संत्रं पदराला पुसलं आणि तडक काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, खा."

"नको बाई."

"झाडानं मार खाल्ला, पन साखर नाही सोडली त्यानं. खाऊन तं पाहा."

काकांनी ते नुसतं हातात धरून ठेवलं. ती हलली नाही. शेवटी त्यांनी सोललं. एक फोड खाल्ली, मग दुसरी. आम्ही सगळ्याजणी दुसरीकडे पाहत असल्याचं दाखवत होतो. पुरं संत्रं खाऊन त्यांनी बिया मुठीत धरल्या आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळत बायकोला म्हणाले, "शिडी कुठं हाये वो? शेंड्यावरचं कोन तोडन?"

संध्याकाळपर्यंत ते शिडीवरून उतरले नाहीत.

माल एवढा झाला की आमची छोटी गाडी हास्यास्पद वाटायला लागली. काकांनी स्वतःचा ट्रॅक्टर काढला, शेजाऱ्याचाही बोलावला. काही कट्टे सौंसरला विहारात आणि दवाखान्यात गेले, काही तिगावकडच्या वीटभट्ट्यांवर. एक ट्रॉली पांढुर्ण्याला, डोंगरातल्या गावांमधून शिकायला आलेल्या मुलींच्या वसतिगृहात न्यायची ठरली. मी त्या ट्रॉलीत बसले. मावशी आणि आणखी चार बायाही चढल्या. मी म्हणाले, थकला असाल, घरी जा. कोणी ऐकलं नाही.

वसतिगृहाच्या बाईंनी आमचं स्वागत केलं आणि म्हणाल्या, "कट्टे स्वयंपाकघरात ठेवून द्या, जेवणानंतर वाटू." मी मान हलवली. मावशीनं मात्र कट्ट्यावर हात ठेवला.

"नाही. हातात देऊ."

"अहो, दीडशे मुली आहेत," त्या म्हणाल्या.

मावशी माझ्याकडे वळली. त्या बाईंना तिचं बोलणं समजणार नाही असं तिला वाटलं असावं. "चाळीस वर्सं झाली, संत्री तोडून राहिली मी. तोडली का कॅरेटात, कॅरेट गाडीत, गाडी गेली नागपूरले. फुडं कोन खाते, मले काय मालूम? आज खानाऱ्याचं तोंड पाहीन म्हनतो."

बाईंनी घंटा वाजवली. मुली अंगणात रांगेनं आल्या. मावशी कट्ट्यापाशी उभी राहिली. एकेक संत्रं घ्यायची, पदराला पुसायची, मुलीच्या ओंजळीत ठेवायची आणि तिच्या तोंडाकडे पाहायची. घाई नव्हती. दीडशे वेळा तिनं ते केलं, आणि दीडशेवं संत्रंही पहिल्यासारखंच पुसलं. मी कचेरीत पंचवीस वर्षं लोकांना काही ना काही दिलं आहे, खिडकीतून कागद दिले, रविवारी डाळ दिली. असं मी कोणाला काही दिल्याचं मला आठवेना. दर रविवारी मी डाळीचं माप पाहत होते, माणूस पाहत नव्हते. अंगणाच्या कडेला उभी राहून मी हे पाहत होते आणि मला हात जोडावेसे वाटत होते, पण तिला ते आवडलं नसतं.

रांगेतल्या एका लहान मुलीनं तिथंच उभ्या उभ्या संत्रं सोललं आणि पहिली फोड मावशीपुढे धरली. मावशी गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोड घेतली आणि तोंडात टाकली.

"गोड हाये," ती म्हणाली, जणू आजच कळलं.

परतताना ट्रॉलीत वारा झोंबत होता. बाकीच्या बाया एकमेकींना टेकून पेंगत होत्या. मी मावशीला विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"सातले. अन् नखं कापून येजो. नखानं साल फाटते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणी नखं कापून गेलो. बायाही आल्या, आदल्या दिवशीपेक्षा जास्तच. काका फाटकाशी उभे होते, शिड्या मोजत. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा कट्टा भरला. शेंड्यावरची थोडी फळं मावशीनं तोडू दिली नाहीत. "पाखरं काय खातीन?" म्हणाली, आणि झोळी झटकून बांधाच्या वाटेला लागली.