नावं घेऊन आभार

शमुवेलअण्णा डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायचे. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या छोट्या कारखान्यात दुपारी साडेबाराचा भोंगा झाला की तपासणी विभागातले आम्ही चौघं एका टेबलाभोवती डबे उघडायचो. बाकीच्या तिघांचे दोन घास पोटात जाईपर्यंत अण्णांचं आभार मानणं चालू असे. हात जोडलेले आणि नजर थेट डब्यात. "देवबापा, ही ज्वारीची भाकरी, एका बाजूनं करपलेली. ही दोडक्याची भाजी. हा कालचा भात, फोडणी दिलेला. ही रिबेकानं केलेली लसणाची चटणी. या सगळ्यांसाठी तुझे आभार." डब्यात चार जिन्नस असोत की सहा, एकही सुटत नसे.

मी तिथं नवी होते, तोंडाळ होते. विचारलं, "अण्णा, तुमच्यात प्रार्थनेला डोळे मिटतात ना?"

"मिटतात की. पण काय मिळालंय ते न बघता आभार कसं मानायचं? न मोजता माल पास केल्यासारखं होतंय ते."

अण्णा मूळचे मिरजेकडचे, ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचे. मी इथलीच, बनशंकरीतली. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं, त्यामुळे आमच्या मराठीला अण्णा पहिल्या दिवसापासून हसायचे. मी 'थोडं'ऐवजी कन्नडातलं 'स्वल्प थांबा' म्हटलं की ते लगेच कन्नडातच 'सरी', म्हणजे 'बरं, थांबलो' म्हणत. पुढे कळलं की ते आमच्याच मागच्या गल्लीत भाड्यानं राहतात. मग मेट्रोनं जाणंयेणं एकत्र सुरू झालं आणि माझी गणती त्यांच्या घरच्यांत होऊ लागली.

"मोजलंस, का नुसतं वाटतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एखादा सुटा भाग हातात घेऊन 'हा बरोबर आहे' म्हटलं की मागून हे यायचंच. भाजी ताजी आहे म्हटलं तरी यायचं. मला संताप यायचा, पण हा माणूस स्वतःलाही सोडत नसे. एकदा त्यांनी पास केलेला सगळा माल टेंपोत चढला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, माप घ्यायच्या आपल्या मायक्रोमीटरचा शून्यच सरकलेला होता. अण्णा जाऊन टेंपोसमोर उभे राहिले. मालक अंगावर धावून आले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि हे शांतपणे म्हणाले, "तुमचं ओरडणं बरोबर आहे. माल चुकीचा आहे, तेही बरोबर आहे." माल उतरवायला लागला. संध्याकाळी मेट्रोत मी म्हटलं, गप्प बसला असतात तर कोण बघत होतं? ते मला, उद्यापासून सकाळी आधी शून्य तपासायचा, म्हणून बजावायला लागले.

त्यांच्या पत्नी रिबेकाअक्का. लहानपणच्या तापानं त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती, आणि बारा वर्षांपूर्वी तिथं धातूची झडप बसवली होती. पंखा बंद असला की अक्कांच्या छातीतली टिकटिक समोरच्या खुर्चीत ऐकू यायची. त्या धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची एक गोळी आणि महिन्याला रक्ततपासणी. गोळी चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी दोघांना बजावून सांगितलेलं. मूल नव्हतं. अक्का हसऱ्या होत्या, पण जिना चढताना मध्येच थांबून भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या. आपल्याला धाप लागलीय हे कुणाला दिसू नये, म्हणून.

त्यांची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी. एका कन्नड चर्चमध्ये रविवारी दुपारी यांची उपासना व्हायची. तिथल्याच काही बायकांबरोबर अक्का शहराबाहेर देवनहळ्ळीकडे एका सभेला गेल्या. प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता आणि बाहेरगावचा कुणी उपदेशक आला होता. त्यानं अक्कांच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'बाई, तू बरी झालीस' म्हणून सांगितलं. अक्कांना छातीत ऊब आल्यासारखं वाटलं. त्यांनी व्यासपीठावर चढून साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांच्या लोकांत साक्ष ही साधी गोष्ट नाही. दिलेली साक्ष माघारी घेता येत नाही. त्या संध्याकाळपासून अक्कांनी गोळी बंद केली.

मी त्यांच्याशी भांडले. अक्का माझा हात धरून म्हणाल्या, "शैला, बारा वर्षं मी आजारी बाई म्हणून जगले गं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला बरी म्हणालं. आणि मी इतक्या माणसांपुढं उभं राहून सांगितलंय. आता गोळी घेतली तर मी देवाला खोटं पाडलं, असं होईल."

अण्णा समोर बसले होते. "रिबेका, झडप आत वाजतेय अजून. ऐकू येतंय मला. बरी झाली असशील तर तपासणीत दिसेल की. प्रभू काय तपासणीला भितो?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्ट मोजायची असते," अक्का म्हणाल्या. "विश्वास मोजून होत नाही."

अण्णांनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चिडले, त्यांनी समजावलं, कागदावर झडपेचं चित्र काढून दाखवलं. अक्कांनी ते चित्र नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि गोळी घेतली नाही. त्यांचे पाळक, म्हणजे चर्चचे प्रमुख, फार मऊ माणूस. "विश्वासाची गोष्ट आहे, मी मध्ये कसं बोलू?" म्हणून हळहळत चहा पिऊन गेले. मी आमच्या देवीपुढे राहुकाळात लिंबाच्या सालींत वाती घालून दिवे लावले. याहून जास्त मला काही येत नव्हतं.

मग मला ती युक्ती सुचली. अक्कांसाठी संध्याकाळची नाचणीची गंजी, म्हणजे पेज, अण्णाच करत. मेट्रोत मी म्हटलं, "गोळीची पूड करा आणि गंजीत ढवळा. कळायचंही नाही." तिसऱ्या स्टेशनाला अण्णा म्हणाले, "बरं." मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी घरी जाताना फुलं विकत घेतली.

अकरा दिवस ती पूड अक्कांच्या पोटात गेली. मी रोज सकाळी भुवया उंचावून विचारायची, अण्णा होय म्हणून मान हलवायचे. पण त्या अकरा दिवसांत ते कारखान्यात डबा उघडून नुसतं "बापा, आभार" म्हणायचे आणि जेवायला लागायचे. भाकरीचं नाव नाही, भाजीचं नाही. टेबलावरच्या बाकीच्यांना वाटलं, म्हातारा घाईत आहे.

बाराव्या दिवशी मेट्रोत ते म्हणाले, "शैला, काल सांगितलं मी तिला."

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी जवळजवळ ओरडलेच, "का?"

"ती म्हणाली, हल्ली नावं का घेत नाही तुम्ही? मी वाटीकडं बघितलं. म्हटलं, देवबापा, ही नाचणीची गंजी, हे ताक, हे मीठ, आणि ही गोळी." मग माझ्याकडे वळले. "अकरा दिवस ती माझ्यासमोर बसून आमेन म्हणत होती गं. कशाला आमेन म्हणतेय ते तिला ठाऊक नव्हतं."

"त्या जिवंत राहत होत्या ना?" मी म्हटलं.

"होय."

"मग?"

मेट्रोच्या भरल्या डब्यात मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमचा खरेपणा तुमच्यापाशी ठेवा, त्याच्यापायी बायकोचा बळी देऊ नका. लोक वळून बघत होते. अण्णांनी ऐकून घेतलं. उतरताना म्हणाले, "भांडली नाही ती. उठली, वाटी धुऊन ठेवली, आणि म्हणाली, उद्यापासून गंजी मी करीन."

त्यानंतर अक्कांनी नवऱ्याच्या हातचं काही खाल्लं नाही. अण्णा रोज संध्याकाळी गोळी आणि पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवायचे, विनवायचे. एकदा तर या वयात गुडघ्यांवर बसून रडले, हे अक्कांनीच मला सांगितलं आणि सांगताना त्याही रडल्या. त्या म्हणाल्या, "मला मरायचं नाही गं. मला फक्त मागं फिरायचं नाही." मी दोघांच्या मधे बसलेली असायची. दोघंही माझी आणि दोघंही माझं ऐकणारी नव्हेत.

त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, अक्का चहा गाळता गाळता खाली पडल्या. झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

इस्पितळात रक्त पातळ करायच्या सुया न विचारता टोचल्याच. पण घरी आणल्यावर अण्णांनी जे सुरू केलं ते बघून मला वेड लागायचं बाकी होतं. गोळी हातावर घेऊन ते पलंगाशेजारी बसायचे आणि म्हणायचे, "रिबेका, ही रक्त पातळ करायची गोळी आहे. देऊ?" आणि थांबायचे. अक्कांनी होय म्हणून मान हलवली तरच द्यायचे. पहिले तीन दिवस अक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अण्णा बसून राहिले. मी म्हटलं, "द्या हो आता, पाण्यात विरघळवून द्या. त्यांना काय कळतंय?"

"कळतंय तिला," ते म्हणाले. "आणि कळत नसेल, तरी विचारायला पाहिजे."

चौथ्या दिवशी अक्कांनी मान हलवली. त्यांना पटलं म्हणून, की नवऱ्याची दया आली म्हणून, हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर त्या रोज मान हलवत. अण्णा त्यांना भरवताना पुन्हा एकेक नाव घेऊ लागले. गंजी, ताक, मीठ, गोळी. अक्कांना आमेन म्हणता येत नव्हतं. त्या डाव्या हाताची बोटं चादरीवर आपटायच्या.

चार महिन्यांनी न्यूमोनिया झाला आणि अक्का गेल्या. दफनाच्या वेळी त्यांच्या मंडळीतली एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शमुवेलअण्णांचा विश्वास कमी पडला." इतके दिवस मी मनात बरोबर याच्या उलट म्हणत आले होते, की या माणसाच्या विश्वासाचा अतिरेक झाला. आम्हा दोघींपैकी कुणालाच तो विश्वास कळला नव्हता, एवढंच खरं.

अण्णांनी काम सोडलं आणि मिरजेला भावाकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी भांडी बांधायला गेले. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. ज्या प्रश्नानं मला महिनोन्‌महिने छळलं होतं, तो मी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता विचारला. मान वर करायचा धीर नव्हता.

"अण्णा, त्या दिवशी सांगितलं नसतंत तर?"

"तर ती जगली असती," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं, माप सांगावं तसं सांगितलं. "मोजलंय मी ते. बऱ्याच वेळा."

मला वाटलं होतं ते देवाची इच्छा म्हणतील, अक्का प्रभूजवळ सुखी आहेत म्हणतील. तसं काही म्हणाले असते तर मी रागावले असते आणि मला बरं वाटलं असतं.

"मग कसं जगता हो?"

त्यांनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि खोक्यात ठेवलं. "रोज सकाळी देवबापापुढं बसतो. म्हणतो, हे असं झालंय, माझ्या हातून झालंय. तो काही बोलत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी उठून जात नाही," अण्णा म्हणाले.