कल्लाप्पांची सरी

मला लिहायची सवय नाही. त्यातून कल्लाप्पांविषयी लिहायचे, तर त्यांच्या बाबतीत माझी एकदा चूक झाली असावी. नसेलही.

कल्लाप्पा संकेश्वरकडचे. बेंगळुरात तीस वर्षे एका कारखान्यात लेथवर होते. जे. पी. नगरला आमच्या मागच्या गल्लीत राहत आणि दर दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आमच्याकडे तीन पत्ती खेळायला येत. पैशांऐवजी चिंचोके लावायचे, हा माझी बायको प्रेमा हिचा दंडक.

वेळेवर पत्ते टाकावेत ते कल्लाप्पांनीच. पाने हलकी आली की ती पालथी ठेवत आणि 'सरी' म्हणत. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक, बरे. आमच्या बैठकीत कल्लाप्पांची सरी म्हणजे पॅक, डाव सोडला. फोरमनची जागा दुसऱ्याला मिळाली तेव्हाही घरी येऊन एवढेच म्हणाले, असे त्यांच्या पत्नी अंबूबाई सांगत.

सत्त्याण्णवच्या पाडव्याला आमचा वरचा भाडेकरू दत्ता खेळायला बसला. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, इथे येऊन चार महिने झालेले.

"काका, तुम्ही खेळायला येता की नुसते पिसायला?"

"पान नको काय यायला?" कल्लाप्पा म्हणाले.

शेवटच्या डावात मी पॅक झालो. दत्ताने सगळे चिंचोके पुढे सारले. कल्लाप्पा बराच वेळ पाहत राहिले. एका हातात पत्ते, दुसरा हात आपल्या चिंचोक्यांवर. मग म्हणाले, "सरी."

दत्ताने लगेच पत्ते उघडले. एक्का, नव्वी, चौकी. हातात काहीच नाही. कल्लाप्पांनीही आपले उघडले. दुर्रीची जोडी.

"घ्या काका, जिंकलात," दत्ता म्हणाला.

मी मध्येच बोललो. एरवी बोलत नाही. "कल्लाप्पा, तुमची सरी म्हणजे पॅक ना?" दहा वर्षांत दुर्रीच्या जोडीवर ते कधी डावात राहिले नव्हते.

"अहो, त्यांनी शो मागितला, म्हणून तर मी उघडले," दत्ता म्हणाला. "रिक्षावाला सरी म्हणतो तेव्हा येतोच की."

"नाही, पॅकच," मी म्हणालो.

कल्लाप्पांनी माझ्याकडे पाहिले, पत्ते गोळा केले आणि चहा न घेता गेले. मी त्यांना काय म्हणून बसलो ते रात्री जेवताना लक्षात आले. पत्ते टाकून, समोरच्याचे पाहून, मग आपले उघडणारा माणूस.

पुढच्या पाडव्याला ते आले नाहीत. नंतर होसकोटेला मुलाकडे, नागराजकडे, राहायला गेले. यंदा दसऱ्याआधी दोन बस बदलून मी तिथे गेलो. ते अंगणात शेंगा फोडत होते. थोड्या माझ्यापुढे सारल्या.

"त्या दिवशी तुम्ही पत्ते टाकले होते का?" मी विचारले.

"आता मलाच कळंना, अण्णा. तुम्ही म्हटलासा म्हणजे टाकलं असतील."

हे बरे वाटावे की वाईट, ते मला समजले नाही. आतून अंबूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, दुर्री काय डोक्यातनं जाईना."

"कुणाच्या, अक्का?" मी विचारले. त्या चहा घेऊन बाहेर आल्या.

बससाठी उठलो तेव्हा धीर करून म्हणालो, "यंदा पाडव्याला याल ना? दत्ताही आहे अजून."

कल्लाप्पांनी मूठभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या.

"सरी," म्हणाले.

पाडवा परवा आहे. प्रेमा विचारते आहे, चिंचोके किती जणांचे काढू? मी अजून सांगितलेले नाही.