भिंतीपलीकडची फोडणी

बायको गेल्यावर मी बदली मागून जाफराबादला आलो आणि एका भाड्याच्या खोलीत राहू लागलो. शाळेत विज्ञान शिकवायचं, घरी येऊन खिचडी लावायची. शेजारच्या घराची आणि माझी भिंत एकच. संध्याकाळी पलीकडे लसणाची फोडणी तडतडली की मला भूक लागायची. त्या घरच्या वहिनींशी बोलणं मात्र ‘नळाला पाणी आलं का?’ याच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

यंदा ताप आला. इथल्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी जरा उतरला आणि पुन्हा चढला. शेवटी जालन्याला दाखल झालो. रक्ताच्या तपासणीत निघालं की टायफॉईडच आहे, म्हणजे मुदतीचा ताप, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. मग शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. थोडा हिंडूफिरू लागल्यावर घरी सोडलं. राहिलेली इंजेक्शनं द्यायला सकाळी एक नर्स यायची आणि हाताला लावून ठेवलेल्या सुईतून औषध सोडून घाईघाईनं निघून जायची.

बाकी दिवस माझा आणि थर्मामीटरचा. संध्याकाळ झाली की अंग पुन्हा तापायचं. हेही औषध लागू पडलं नाही तर? पुण्याहून लेकीचा फोन आला की मी ‘मजेत आहे’ म्हणायचो. पलीकडे बोलणी ऐकू यायची, पण इकडे कुणी डोकावत नव्हतं. फोडणीचा आवाजही बंद झाला होता. माझ्या आजाराला भिऊन यांनी चूल मागच्या खोलीत नेली, असं मी ठरवून टाकलं. फार राग आला. त्याहून जास्त एकटं वाटलं.

एकदाची एक संध्याकाळ तापाशिवाय गेली. सकाळी दार उघडून पायरीवर बसलो, तर वहिनी समोर.

“सर, ताप बराबर उतरला का?”

“उतरला.”

“मंग आज फोडणी टाकू का? मुदतीच्या तापात फोडणीचा वास चालत न्हाई. तुमची भिंत लागून, म्हणून बंदच ठेवल्ती. तुमाला उठवू न्हाई म्हणून आले बी न्हाई. लेकरं पार कावून गेलेत बिनफोडणीच्या वरणाला.”

तापाचा आणि फोडणीचा काही संबंध नसतो, हे मी दरवर्षी वर्गात ठासून सांगतो.

“टाका,” एवढंच म्हणालो. आत येऊन भिंतीला पाठ लावून बसलो आणि तेल तापायची वाट पाहू लागलो.