तारखेचे डबे

बालकल्याण समितीवर होते तेव्हा लेकराच्या अंगावर नवे कपडे दिसले की मी सावध व्हायचे. सुरुवातीला आमचं नाव ऐकलं की लोक लेकरं लपवायचे. नंतर नंतर स्वतःहून येऊ लागले, तेही कायद्यातले शब्द पाठ करून. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ हे अख्खं वाक्य रोहण्याच्या एका गृहस्थाने न अडखळता म्हणून दाखवलं, तेव्हा माझ्या मनात त्याच्या पुतणीपेक्षा त्याला पढवणाऱ्या वकिलाचाच विचार जास्त आला.

पुतणी आठेक वर्षांची. बाप वारलेला. आईने हिंगणघाटला दुसरं लग्न केलं आणि पोर कुणाकडे राहणार यावरून आई आणि बापाची आई समोरासमोर आल्या. आजी म्हणे, सावत्र बाप मारतो. आई म्हणे, आजी शाळा बुडवून कापूस वेचायला नेते. चौकशीत दोन्ही घरांविरुद्ध काही सापडलं नाही. पोरीला विचारावं तर ती ज्या दिवशी जिच्यासोबत येई, त्या दिवशी तिच्याच बाजूने बोलायची. शेवटी निर्णय होईपर्यंत तिला बालगृहात ठेवलं.

तरी प्रत्येक तारखेला दोघी डबे घेऊन हजर. आजीच्या डब्यात पुरणपोळी, आईच्या डब्यात कोथिंबीर भरून तळलेली सांबारवडी. मला ती सरळसरळ लाच वाटायची, चीड यायची. मग एकदा मनात आलं, पोरीची जीभ पढवता येईल, भूक कशी पढवतील? दोघींना बाहेर बसवलं, दोन्ही डबे तिच्यापुढे ठेवले आणि मान खाली घालून लिहायचं सोंग घेतलं. आधी कोणता डबा उघडते, तेवढंच बघायचं होतं.

तिने दोन्ही उघडून ठेवले. एक घास पोळीचा, एक वडीचा. पुन्हा पोळी, पुन्हा वडी. मध्येच थांबून कशात किती उरलंय ते वाकून पाहिलं आणि वडीचा तुकडा जरा मोठा घेतला. कपाळावर घाम आला, तरी खातच राहिली. डबे पुसून काढल्यासारखे रिकामे झाले.

माझा संशय काही जाईना. “असं बरोबरीनं खायले कोनी सांगतलं तुले?”

“कोनीच नाई.”

“मंग एवढी भूक लागली होती?”

“भूक नोतीच, मॅडम,” झाकणं लावता लावता ती म्हणाली. “पन जिचा डबा उरला असता, तिले रडू आलं असतं न.”