मुकं झालेलं मीठ

इंझोरीत लेकरू किरकिरलं की आधी तुळसाबाईकडं न्यायचं, डॉक्टर मागून. तिच्या हाताला यश आहे असं गाव म्हणे. आणि जे हसत, त्यांचीही लेकरं गुपचूप तिच्याच चुलीपुढं बसत. मूठभर खडे मीठ लेकरावरून उतरवून ती विस्तवात टाकी. मीठ तडतडलं की नजर गेली म्हणायचं.

सून वैजयंती वारली आणि मीठ मुकं झालं. कुणाचंही लेकरू असो, चुलीतून आवाज म्हणून नाही. म्हातारीनं मनाशी धरलं, ही वैजयंतीच. चुलीपाशी बसलीय आणि मिठाचं तोंड दाबून धरतेय. तुळसाबाईच्या अंगावर काटा येई, पण खरं सांगायचं तर आधारही वाटे. रागावलेली का होईना, सून घरात होती.

"बोल ना वं बाई, एकडाव तरी बोल," ती चुलीकडं बघत म्हणे.

नात संस्कृतीनं हे ऐकलं. बारावीत शिकणारी पोर; आई गेल्यापासून स्वयंपाक तिच्याच गळ्यात पडलेला.

"आजी, माय नाई थांबवून राह्यली मीठ! मीच तं भाजून बरणीत भरून राह्यली, ओलं होते म्हून. खड्याच्या पोटात मिठागराचं पाणी कोंडलेलं राह्यते. तापलं का त्याची वाफ होते, खडा फुटते. भाजल्यावर पाणीच नाई, मंग आवाज कायचा?"

तिनं दुकानातून आणलेली नवी पिशवी फोडली आणि मूठभर मीठ विस्तवात टाकलं. ते ताडताड उडालं. कुणावरूनही उतरवलेलं नव्हतं. पोर हसली.

तुळसाबाई हसली नाही. वैजयंती पोट धरून गडबडा लोळत होती, त्या सांजेला मीठ असंच उडालं होतं. "नजर गेली, आता पडू द्या तिले," असं म्हणून दारात आलेली दवाखान्याची गाडी तिनंच परत पाठवली होती. उजाडायच्या आत सून गेली.

"मंग तुया मायवरून उतरवलं, तवाबी..." म्हातारीनं नव्या पिशवीकडं बोट केलं. "तवाबी पाणीच होतं का वं?"

संस्कृतीचं हसू विरलं. ती उठून बाहेर गेली.

तुळसाबाईला वाटलं, सून भूत होऊन बसली होती तेच बरं होतं. तिच्या पाया तरी पडता आलं असतं.